वर्तन कुणाचे बदलायचे?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरालगत विंटरबॉर्न व्ह्यू नावाचे २४ खाटांचे एक खाजगी रुग्णालय होते. बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न प्रौढांची तपासणी करायची, त्यांच्यावर उपचार करायचे आणि त्यांना पुन्हा आपापल्या गावी राहता येईल असे करायचे, हे त्याचे जाहीर काम. एका रुग्णामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड सरकारी तिजोरीतून जात होते. ३१ मे २०११ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली तिथली दृश्ये दाखवली. कर्मचारी रुग्णांना थपडा मारत होते, जमिनीवर दाबून धरत होते, अंगावर गार पाणी ओतत होते. महिन्याभरात रुग्णालय बंद झाले. पुढे ११ कर्मचारी दोषी ठरले आणि त्यांतले सहा तुरुंगात गेले. या क्रौर्याची चर्चा जगभर झाली. मात्र नंतरच्या चौकशीत पुढे आलेल्या एका आकड्याकडे त्या मानाने कमी लोकांचे लक्ष गेले. २०१० या एका वर्षात तिथे रुग्णांना बळाने आवरल्याच्या ३७९ नोंदी होत्या, आणि २०११च्या पहिल्या तीन महिन्यांत आणखी १२९. हे कुणी लपवलेले नव्हते. कर्मचाऱ्यांनीच लिहून ठेवलेले होते. त्या काही वर्षांत स्थानिक प्रशासनाकडे रुग्णांच्या सुरक्षेविषयी ४० इशारे गेले होते, पोलिसांपर्यंत २९ घटना पोचल्या होत्या, आणि तिथल्याच एका परिचारकाने वरिष्ठांकडे आणि नियामक संस्थेकडे लेखी तक्रारही केली होती. चोवीस माणसांच्या घरात रोज एकाहून अधिक वेळा कुणाला तरी धरून पाडावे लागते, हे कागदावर दिसत असताना ‘असे का व्हावे?’ हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही.

या लेखाचा सगळा भर त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे. दिव्यांग व्यक्तीला धरून ठेवणे, बांधणे, कोंडणे, गुंगीचे औषध देणे हे प्रकार दुष्ट माणसांच्या हातूनच घडतात, असे मानून आपण मोकळे होतो. काही वेळा ते खरेही असते. पण यातले बहुतेक प्रकार थकलेल्या, घाबरलेल्या आणि पुष्कळदा प्रेमळ माणसांच्या हातून घडतात. कारण समोरचे वर्तन म्हणजे त्या व्यक्तीचा दोष आहे, अशी त्यांची समजूत असते. दोष तिच्यात असेल तर आवरायचेही तिलाच. सकारात्मक वर्तन साहाय्य ही पद्धत नेमकी ही समजूत उलटी करते. ती सांगते की वर्तनाला कारण असते, ते कारण बहुधा व्यक्तीच्या भोवतालात सापडते, आणि म्हणून आधी बदलायचे ते भोवतालच्या माणसांनी. हे मान्य केले तर बंधने कमी होतात. हे न मानता नुसते प्रशिक्षण दिले, नुसता कायदा केला किंवा नुसत्या नोंदी ठेवल्या तर ती कमी होत नाहीत. गेल्या चाळीस वर्षांचा पुरावा मला तरी असाच वाचता येतो.

आधी बंधने म्हणजे काय ते नीट पाहू. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली अपंगत्व विम्याच्या राष्ट्रीय योजनेसाठी नियम केले, त्यांत पाच प्रकार सांगितले आहेत: एकट्याला कोंडून ठेवणे, शरीराच्या बळाने धरून ठेवणे, पट्टे किंवा तत्सम साधनांनी हालचाल रोखणे, वर्तनावर ताबा मिळवण्यासाठी औषध देणे, आणि वावरावर बंधन घालणे. पहिले तीन प्रकार कुणालाही ओळखता येतात. शेवटचे दोन मात्र रोजच्या व्यवहारात इतके मुरलेले असतात की ती बंधने आहेत हेच लक्षात येत नाही. स्वयंपाकघराला कायम कुलूप लावणे हे बंधन आहे. चालताना पडेल म्हणून दिवसभर खुर्चीतून उठू न देणे हे बंधन आहे. संध्याकाळी सात वाजता सगळ्यांना अंथरुणावर घालता यावे म्हणून एखादी गोळी वाढवून मागणे हेही बंधनच आहे, मग ती गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेली का असेना. आपल्याकडे घराच्या फाटकाला बाहेरून घातलेली कडी, खाटेला ओढणीने बांधलेला हात, पाहुणे आले की आतल्या खोलीत ठेवलेला मुलगा, हे सारे याच यादीत बसते. त्यातली काही बंधने एखाद्या क्षणी अपरिहार्य असू शकतील. पण ज्याला आपण बंधन म्हणतच नाही, ते कमी करण्याचा विचार आपल्या मनात येणारच नाही.

वर्तनाला कारण असते, हे वाक्य ऐकायला साधे आहे; ते सिद्ध करायला मात्र परिश्रम पडले. १९८२ साली अमेरिकेत बाल्टिमोर इथे ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोके आपटणे, स्वतःला चावणे, तोंडावर मारून घेणे अशी ही वर्तने. तोवर ती अपंगत्वाचाच भाग मानली जात आणि शिक्षा देऊन थांबवली जात. संशोधकांनी प्रत्येकाला आळीपाळीने चार वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवले. एकीत मोठे माणूस आपल्या कामात गढलेले असे आणि इजा केली की जवळ येऊन काळजीने दोन शब्द बोले. दुसरीत अभ्यास करायला सांगत आणि इजा केली की अभ्यास थांबवत. तिसरीत खोलीत कुणीच नसे, करायलाही काही नसे. चौथीत खेळ, सोबत आणि मोकळीक. नऊपैकी सहा जणांत इजेचे प्रमाण ठरावीक एकाच परिस्थितीत सातत्याने वाढलेले दिसले, आणि ही परिस्थिती सगळ्यांची एकच नव्हती. वर्तन वरून सारखे, कारणे निराळी. बारा वर्षांनी याच गटाने १५२ जणांचा आढावा घेतला. त्यात सुमारे ३८ टक्के लोकांचे वर्तन नकोशा कामापासून किंवा प्रसंगापासून सुटका मिळवण्याशी जोडलेले आढळले, सुमारे २६ टक्क्यांचे कुणाचे लक्ष, खाणे किंवा वस्तू मिळवण्याशी, आणि जवळपास तितक्याच लोकांचे वर्तन शरीराला त्यातून मिळणाऱ्या संवेदनेशी. कारणच न सापडलेले लोक फार थोडे होते.

यापुढचे पाऊल एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली टाकले, आणि माझ्या मते या सबंध क्षेत्रातला तो सर्वांत मोलाचा प्रयोग आहे. वर्गात आक्रमक होणारी, आदळआपट करणारी, स्वतःला इजा करणारी चार मुले त्यांनी निवडली. कुणाचे वर्तन कठीण कामापासून सुटण्यासाठी आहे आणि कुणाचे लक्ष मिळवण्यासाठी, हे आधी शोधले. मग प्रत्येकाला एकेक वाक्य शिकवले. काम जड जाणाऱ्या मुलाला ‘मला समजत नाही’ हे वाक्य, आणि लक्ष हवे असणाऱ्याला ‘मी नीट करतोय ना?’ हे वाक्य. पहिले वाक्य बोलले की शिक्षक मदत करत, दुसरे बोलले की कौतुक करत. आदळआपट झपाट्याने उतरली. पण खरा धडा पुढे आहे. त्याच मुलांना त्यांच्या गरजेशी संबंध नसलेले वाक्य शिकवून पाहिले, तेव्हा काही फरक पडला नाही. म्हणजे बोलायला शिकल्याने मूल शांत झाले असे नव्हे. जे त्याला सांगायचे होते तेच सांगता आले आणि ऐकणाऱ्याने ते ऐकले, म्हणून ते शांत झाले. हात धरून बसवले असते तर ते मूल त्या दिवसापुरते थांबले असते. त्याला काम समजत नाही ही गोष्ट मात्र कधीच कुणाला कळली नसती.

कारण शोधताना शरीराकडे आधी पाहावे लागते, आणि इथे काळजी घेणाऱ्यांकडून सर्वांत जास्त हयगय होते. ज्याला दुखते कुठे ते सांगता येत नाही, त्याची दाढदुखी, कानाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पोटातली जळजळ या गोष्टी बाहेरच्याला ‘एकदम चिडचिडा झालाय’ एवढ्याच रूपात दिसतात. विंटरबॉर्न व्ह्यूच्या चौकशीतही रुग्णांच्या साध्या साध्या आरोग्यतपासण्या दुर्लक्षित राहिल्याचे आढळले. अशा माणसाला धरून ठेवणे म्हणजे आजाऱ्याला आजाराबद्दल शिक्षा देणे.

औषधांचा मामला याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे बंधनाला उपचाराचे रूप येते. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये पीटर टायरर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. आक्रमक वर्तन असलेल्या ८६ बौद्धिक दिव्यांग व्यक्तींपैकी काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल आणि काहींना निव्वळ दिखाऊ गोळी दिली. आक्रमकता तिन्ही गटांत कमी झाली, पण चार आठवड्यांनी ती सर्वांत जास्त उतरली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत. अशा वर्तनासाठी ही औषधे नेहमीचा उपचार म्हणून देऊ नयेत, असे संशोधकांनी स्पष्ट लिहिले. तरीही २०१५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या, तेहतीस हजार बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात दिसले की मनोविकारांवरची ही औषधे घेणाऱ्यांपैकी ७१ टक्क्यांच्या नोंदीत गंभीर मनोविकाराचे निदानच नव्हते. ज्या रोगासाठी औषध बनले तो रोग नाही, ज्या वर्तनासाठी दिले जाते त्यावर त्याचा उपयोग सिद्ध नाही. वजन वाढणे, मधुमेह, हातापायांना कंप हे परिणाम मात्र खरे. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१६पासून अशी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करण्याची मोहीम घेतली आहे. ‘हळूहळू’ आणि ‘देखरेखीखाली’ हे दोन्ही शब्द घरच्यांनी फार गांभीर्याने घ्यावेत. ही औषधे एकाएकी बंद करणे धोक्याचे असते.

मग सकारात्मक वर्तन साहाय्य म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे? समजा, एका निवासी संस्थेतली तिशीची बाई अंघोळीच्या वेळी मदतनीसांना बोचकारते, आणि म्हणून दोघी तिचे हात धरतात व तिसरी पाणी घालते. पहिले काम निरीक्षणाचे. हे रोज होते की काही दिवशीच? सगळ्यांशी होते की ठरावीक माणसाशीच? अंघोळीआधी काय झालेले असते, आणि बोचकारल्यावर तिला काय मिळते किंवा काय टळते? यातून कदाचित दिसेल की तिला झोपेतून उठवून थेट न्हाणीघरात नेले जाते, पाणी तिच्या अंगाला चटके देते, दार उघडे असते, आणि ज्या दिवशी ती फार बोचकारते त्या दिवशी अंघोळ आटोपती घेतात. मग आराखडा बनतो. अंघोळ संध्याकाळी हलवायची, पाणी तिने हात बुडवून पाहायचे, तांब्या तिच्याच हातात द्यायचा, दार लावायचे, ‘थांब’ म्हणण्यासाठी एक खूण तिला शिकवायची आणि ती खूण केली की खरोखर थांबायचे. या यादीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कर्मचाऱ्यांनी करायची आहे. बाईने शिकायची आहे ती एकच खूण. आराखड्याच्या शेवटी दोन भाग येतात: एवढे करूनही प्रसंग ओढवला तर कमीत कमी बळ वापरून सगळ्यांना सुरक्षित कसे ठेवायचे, आणि आज चालू असलेले हात धरणे कोणत्या टप्प्याने बंद करायचे. शेवटचा भाग पुष्कळ आराखड्यांत नसतोच. तो नसेल तर त्या कागदाला मी वर्तन साहाय्याचा आराखडा म्हणणार नाही. तो बंधनाचा परवाना आहे.

इथे पहिला आक्षेप पुराव्याचाच येतो आणि तो प्रामाणिकपणे घ्यायला हवा. इंग्लंडमध्ये अँजेला हासिओटिस आणि सहकाऱ्यांनी केलेला मोठा तुलनात्मक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. २३ सेवाकेंद्रे, २४६ व्यक्ती. काही केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना सकारात्मक वर्तन साहाय्याचे प्रशिक्षण दिले, बाकीच्यांनी नेहमीचे काम चालू ठेवले. वर्षभराने पाहिले तर दोन्हीकडच्या लोकांच्या वर्तनात लक्षणीय फरक नव्हता. मग ही पद्धत फोल म्हणायची का? याच संशोधिकेच्या २००९ सालच्या लहान अभ्यासात, जिथे तज्ज्ञांचा स्वतंत्र चमू प्रत्यक्ष काम करत होता, तिथे फायदा दिसला होता. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की मला त्यांत विरोध दिसत नाही. चार दिवस वर्गात बसून आलेला कर्मचारी त्याच अपुऱ्या मनुष्यबळात, त्याच वेळापत्रकात, त्याच वरिष्ठांच्या हाताखाली परत जातो, तेव्हा तो फारसे काही बदलू शकत नाही; कारण अंघोळीची वेळ बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. त्या अधिकाराचा वापर झाला की काय घडते, ते अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मनोरुग्णालयांत दिसले. ती रुग्णालये अपंगत्व सेवेची नव्हेत, हे मान्य. पण प्रश्न तोच होता. १९९० ते २००० या दशकात तिथे धोरण, नेतृत्व, कर्मचाऱ्यांचे प्रमाण, प्रत्येक घटनेनंतरची चर्चा हे सगळे एकत्र बदलले. दर हजार रुग्णदिवसांमागे कोंडून ठेवण्याच्या घटना ४.२ वरून ०.३ वर आल्या, आणि एकदा कोंडल्यावरचा सरासरी काळ १०.८ तासांवरून १.३ तासांवर आला.

दुसरा आक्षेप कर्मचाऱ्यांचा असतो आणि त्यात भीती असते: आम्ही मार खायचा का? हा प्रश्न उडवून लावणाऱ्यांनी कधी रात्रपाळीला एकट्याने वीस माणसांची काळजी घेतलेली नसते. याला पहिले उत्तर पेनसिल्व्हेनियाच्याच आकड्यांत आहे. बंधने एवढी उतरूनही तिथे कर्मचाऱ्यांच्या दुखापतींच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. दुसरे उत्तर असे की झटापटीतच दोन्ही बाजूंच्या दुखापती होतात, आणि जीवही जातात. १९९८ साली ‘हार्टफर्ड कुरंट’ या अमेरिकी वृत्तपत्राने दहा वर्षांत बंधनांच्या वेळी किंवा त्यानंतर लगेच झालेले १४२ मृत्यू शोधून काढले होते. छाती-पाठीवर भार देऊन पालथे दाबले की श्वास कोंडतो. धडपड ही त्या वेळी विरोध नसून हवेसाठी असते, आणि ती विरोध समजून भार वाढवला जातो. तिसरे उत्तर असे की कुणी रस्त्यावर धावत सुटला तर त्याला धरू नये, असे कुणीही म्हणत नाही. त्या क्षणी धरणे योग्यच. पण तोच माणूस दर आठवड्याला रस्त्यावर धावत असेल, तर ती आणीबाणी राहिली नाही. तो कुठे जाऊ पाहतो, हे कुणी शोधलेले नाही एवढाच त्याचा अर्थ.

अगदी टोकाच्या प्रसंगांत ‘बंधने नकोत’ हा नियमही सरसकट लावता येत नाही. लेश-नायहन नावाचा एक दुर्मीळ जनुकीय आजार आहे. त्यात माणूस स्वतःचे ओठ आणि बोटे चावून कुरतडतो, आणि तसे करायची त्याला अजिबात इच्छा नसते. असे रुग्ण पुष्कळदा स्वतःहून हात बांधून मागतात, आणि बांधलेले असले की निश्चिंत होतात. इथे पट्टा सोडवणे ही क्रूरता ठरेल. हा अपवाद मी मुद्दाम सांगतो, कारण बंधने शून्यावर आणण्याच्या घोषणेपेक्षा त्या व्यक्तीला काय हवे आहे हे जास्त महत्त्वाचे आहे. पण हा अपवाद किती जणांना लागू होतो, तेही पाहायला हवे. ‘आमच्याकडची केस वेगळी आहे’ असे जवळजवळ प्रत्येक संस्था म्हणते.

तिसरा आक्षेप स्वमग्न प्रौढांनी घेतला आहे आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. ते म्हणतात, वर्तन बदलण्याचे हे शास्त्र मुळात आम्हाला इतरांसारखे दिसायला लावण्यासाठी जन्माला आले. हात हलवू नका, डोळ्यांत पाहा, गप्प बसा, हेच त्याचे उद्दिष्ट होते. आता तुम्ही फक्त आवाज मृदू केला आहे. या आरोपामागे इतिहास आहे. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात इव्हार लोवास यांनी स्वमग्न मुलांवर विजेचे झटके वापरले होते. मॅसॅच्युसेट्समधल्या एका संस्थेत अंगावर बांधलेल्या यंत्राने झटके देण्याची पद्धत एकविसाव्या शतकातही चालू राहिली. अमेरिकी औषध प्रशासनाने २०२० साली तिच्यावर बंदी घातली, २०२१ साली न्यायालयाने ती बंदी रद्द केली, आणि २०२२च्या अखेरीस संसदेला कायदा बदलून बंदीचा मार्ग पुन्हा मोकळा करावा लागला. सकारात्मक वर्तन साहाय्याचा विचार १९८०च्या दशकात उभा राहिला तो अशा शिक्षांना विरोध म्हणूनच, हे खरे. पण विरोधातून जन्मलेली पद्धतही जुन्या सवयी बरोबर घेऊन येऊ शकते. म्हणून कसोटी ठरवावी लागते. आराखड्याचे यश कशाने मोजले आहे? ‘ओरडणे ६० टक्क्यांनी कमी’ एवढेच लिहिले असेल, तर आक्षेप घेणारे बरोबर आहेत. ओरडणे गुंगीनेही कमी होते आणि निराशेनेही. त्या माणसाला आता काय निवडता येते, तो कुणाला भेटतो, कुठे जातो, त्याच्यावरची कोणती बंधने उठली, हे लिहिले असेल तर गोष्ट निराळी. आणि जे वर्तन कुणालाही इजा करत नाही, नुसते पाहणाऱ्याला विचित्र वाटते, त्याला हात लावायचे काहीच कारण नाही.

कायद्याने हे साधेल का? ऑस्ट्रेलियाने मनापासून प्रयत्न केला आहे. तिथल्या नियमांनुसार बंधन हा शेवटचा उपाय असावा, तो कमीत कमी जाचक आणि कमीत कमी काळ असावा, आणि तो केवळ मान्यताप्राप्त तज्ज्ञाने बनवलेल्या आराखड्यानुसारच वापरता यावा. तात्पुरता आराखडा एका महिन्यात, सविस्तर आराखडा सहा महिन्यांत. संमतीविना केलेला वापर नियामकाला कळवणे बंधनकारक. परिणाम असा की २०२०-२१ या एका वर्षात विनासंमती बंधनांचे दहा लाखांहून अधिक अहवाल आले. एकाच माणसावर रोज होणारा वापर त्यात पुन्हा पुन्हा मोजला जातो, हे लक्षात घेऊनही आकडा भीषण आहे. पण आधी हे सारे अंधारात होते. निदान आता दिसू लागले. मात्र दिसणे म्हणजे थांबणे नव्हे, हे विंटरबॉर्न व्ह्यूच्या ३७९ नोंदींनी आधीच शिकवले होते. ऑस्ट्रेलियाच्या अपंगत्वविषयक शाही आयोगाने २०२३ साली २२२ शिफारशी केल्या. त्यांत काही प्रकारांवर थेट बंदीचीही शिफारस आहे. इंग्लंडने अशा रुग्णालयांत विनाकारण अडकलेल्यांना जून २०१४पर्यंत बाहेर आणण्याचा संकल्प सोडला होता, तो पुरा झाला नाही. २०१९च्या मे महिन्यात ‘पॅनोरमा’ने डरहॅम परगण्यातल्या व्हॉर्लटन हॉलमध्ये पुन्हा छुपा कॅमेरा नेला, आणि पुन्हा तेच दिसले. मधल्या आठ वर्षांत दोषींना शिक्षा झाल्या होत्या आणि मार्गदर्शक तत्त्वे निघाली होती. पण माणसांना घरापासून दूर, बंद दारांआड, पाहुण्यांच्या नजरेबाहेर ठेवण्याची रचना तशीच राहिली होती.

आपल्याकडे हे सगळे कुठे येऊन ठेपते? तमिळनाडूतल्या एर्वाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले, तेव्हा देशाने या प्रश्नाकडे प्रथम नीट पाहिले. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडांवर आणि एकांत कोठडीवर बंदी घातली. ९७व्या कलमात तर शारीरिक बंधन शिक्षा म्हणून वापरू नये, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही वापरू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. या दुसऱ्या वाक्याबद्दल आपल्या कायदेकर्त्यांचे कौतुक करायला हवे. बंधनामागचे खरे कारण त्यांनी ओळखले होते. पण हा कायदा मानसिक आजारासाठी आहे आणि त्याच्या व्याख्येतून बौद्धिक अपंगत्व वगळलेले आहे. बौद्धिक दिव्यांगांच्या वसतिगृहांना, निवासी शाळांना, कार्यशाळांना लागू होतो तो २०१६चा दिव्यांग हक्क कायदा. तो क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण देतो, अत्याचाराची तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे करण्याची सोय देतो. परंतु बंधन म्हणजे काय, ते कुणाच्या संमतीने, किती वेळ आणि त्याची नोंद कुठे, याचे नियम त्यात नाहीत. म्हणजे मनोरुग्णालयातल्या रुग्णाला जे संरक्षण आहे, ते शेजारच्या वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलीला तितक्या नेमकेपणाने मिळत नाही.

शेवटचा आक्षेप पैशांचा आणि तो मराठी वाचकाच्या मनात एव्हाना आलाच असेल: ऑस्ट्रेलियाला परवडते, आपल्याला कसे परवडावे? तज्ज्ञ कमी आहेत, हे खरे. पण वरच्या अंघोळीच्या उदाहरणातल्या कोणत्या गोष्टीला पैसे लागले? विंटरबॉर्न व्ह्यूमध्ये पैसा मुबलक होता. पैसा लागतो तो माणसांसाठी, आणि तो मागितलाच पाहिजे. परंतु निरीक्षण, वेळापत्रक, खुणा आणि निवड यांसाठी आधी लागते ती वर्तनाकडे पाहण्याची दृष्टी. घरी एकटीने सांभाळणाऱ्या आईचा प्रश्न वेगळा आहे. सकाळी कामावर जाताना बाहेरून कडी घालणाऱ्या आईला कायद्याचा धाक दाखवणे हा अन्याय आहे. तिच्या दाराच्या कडीला जबाबदार आहे ती तालुक्याच्या गावी नसलेली दिवसभराची देखभाल. तिला चार तासांची सोबत आणि आठवड्याची एक सुटी मिळाली तर ती कडी ती स्वतःच काढेल. संस्थांची गोष्ट मात्र तशी नाही. त्यांना अनुदान मिळते, त्यांची नोंदणी होते, तपासणी होते. त्या तपासणीत खाटा आणि स्वच्छतागृहे मोजतात, तसेच पुढचे प्रश्नही आजपासून विचारता येतील. गेल्या महिन्यात कुणाला, कितीदा, किती वेळ धरले, बांधले किंवा कोंडले? प्रत्येक नोंदीपुढे कारणाचा रकाना भरला आहे का, आणि त्या कारणावर काय केले? वर्तनासाठी औषध घेणाऱ्या प्रत्येकाचे निदान काय, आणि औषधाचा फेरविचार शेवटचा कधी झाला? दात आणि कान कधी तपासले? नातेवाइकांना झोपायच्या खोलीपर्यंत जाता येते का? आणि ज्याच्याविषयी हा आराखडा आहे, त्याने तो बनवताना काही सांगितले का, खुणेने का होईना?